पेशीच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉलची जागा

पित्ताचा खडा हा काही वसंतातल्या सायंकाळी व्याख्यानाला आरंभ करण्याजोगा पदार्थ नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ज्या द्रव्याची हकीकत आज सांगावयाची आहे ते माणसाच्या हाती प्रथम आले ते या खड्यांतूनच. तेव्हा इलाज नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील पुलतिये द ला साल याने पित्ताचे खडे मद्यार्कात विरघळवून त्यांतून एक पांढरे, चकचकीत द्रव्य वेगळे काढले. पुढे १८१५ साली शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने ते पुन्हा तपासावयास घेतले. शेव्रल हा चरबी आणि साबण यांच्या रसायनातील मोठा जाणता. चरबी क्षारात उकळली की तिचा साबण होतो. हे द्रव्य दिसावयास चरबीसारखे, हाताला मेणासारखे, पण पोटॅशमध्ये कितीही उकळले तरी त्याचा साबण काही होईना. तेव्हा ते चरबीच्या जातीचे नव्हे असे ठरवून शेव्रलने ग्रीक भाषेतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून त्याला ‘कोलेस्टेरिन’ असे नाव दिले. १८५९ साली बेर्तेलो याने ते मद्यार्काच्या कुळातले असल्याचे दाखविले आणि कालांतराने नावाचे शेपूट बदलून ‘कोलेस्टेरॉल’ झाले.

हे नाव आज रक्ततपासणीच्या कागदावरून घरोघर पोचले आहे, आणि पोचले आहे ते शत्रू म्हणून. रक्तातील कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी असलेला संबंध खरा आहे. त्याबद्दल वाद घालण्याचा आमचा मानस नाही. मात्र रक्तात सापडते ते वाटेवरचे कोलेस्टेरॉल होय. त्याचे घर निराळे आहे. शरीरातील कोलेस्टेरॉलचा फार मोठा वाटा पेशीपेशीभोवतालच्या पातळ पापुद्र्यांत असतो; एकट्या मेंदूत आणि त्यातील मज्जातंतूंच्या वेष्टनांत शरीरातील एकंदर कोलेस्टेरॉलच्या पंचमांशाहून कमी साठा नाही. या पापुद्र्यात ते कसे उभे असते, त्याचे डोके कोणीकडे, शेजार कोणाचा, आणि त्या जागी उभे राहून ते करते तरी काय, हा आजचा प्रश्न आहे. तो सुटावयास शंभर वर्षे लागली. ज्यांनी तो सोडविला त्यांच्यापैकी कोणीही त्या रेणूला त्याच्या जागी डोळ्यांनी पाहिले नव्हते. कोणी क्षेत्रफळ मोजले, कोणी जाडी मोजली, कोणी उष्णता मोजली. पत्ता लागला तो अशा मोजमापांतून.

आरंभ पाण्यावरच्या तेलापासून करू. बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये असताना त्याने क्लॅपहॅम येथील तळ्यावर चहाच्या चमच्याएवढे तेल ओतले. वाऱ्याने उठलेल्या लहरी निवत गेल्या आणि बघता बघता सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशोबाने वीस गुंठे पाणी आरशासारखे सपाट झाले. ही हकीकत १७७४ साली छापून आली. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरले तर थराची जाडी किती, हा भागाकार शाळेतले मूलही करील. उत्तर येते एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे दोन-अडीच नॅनोमीटर. एका रेणूची लांबी याच सुमाराची असते. पण फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही! विजेला जमिनीवर उतरविणाऱ्या माणसाच्या हातून हा एक हिशोब तेवढा राहून गेला.

तो हिशोब ज्या वाटेने पुढे गेला ती वाट स्वयंपाकघरातून जाते, हे आमच्या भगिनीवर्गाने अवश्य ध्यानात ठेवावे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची एक मुलगी राहत असे. त्या काळी मुलींना तेथे विद्यापीठाचे दार बंद. घरी आईबाप आजारी. भांडी धुताना पाण्यावरच्या तेलकट सायीचे वर्तन तिने पाहिले आणि विशीच्या आतबाहेर असतानाच एक पत्र्याचे पन्हळ बनविले. त्यात पाणी भरावयाचे आणि वरून एक पट्टी सरकवून तेलाचा थर हवा तेवढा आक्रसावयाचा किंवा पसरू द्यावयाचा, अशी योजना होती. १८९१ च्या जानेवारीत तिने आपले प्रयोग लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले. रॅले यांचा मोठेपणा असा की त्यांनी ते पत्र भाषांतरित करवून त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापविले. पुढे १९१७ साली अमेरिकेत लँगम्यूर याने हेच साधन सुधारून घेतले आणि तेलकट आम्लांचे रेणू पाण्यावर आडवे लोळत नसून डोके पाण्यात व शेपटी हवेत धरून दाटीने उभे असतात हे सिद्ध केले. एका रेणूस उभे राहावयास किती जागा लागते, हे आता मोजता येऊ लागले.

येथून पेशीपर्यंतचे अंतर फार नव्हते. हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर हा बालरोगांचा प्राध्यापक आणि त्याचा सहकारी ग्रेंडेल यांनी १९२५ साली रक्तातील तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशीत केंद्रक नसते, आत इतर पापुद्रे नसतात. म्हणून पेशीतून जो स्निग्ध पदार्थ निघेल तो सगळा बाहेरच्या पापुद्र्याचाच असला पाहिजे. त्यांनी तो ॲसिटोनने काढला, पाण्यावर एका रेणूच्या थराने पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिले. ते सुमारे दुप्पट भरले. अर्थात पापुद्रा दुपदरी आहे: दोन थर शेपट्यांना शेपट्या लावून उभे, आणि दोन्हीकडची डोकी पाण्याकडे. गंमत अशी की या प्रयोगात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा स्निग्धांश निघत नाही, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळे पृष्ठभागही खऱ्यापेक्षा कमी धरला गेला. एका चुकीने दुसरीस झाकले आणि उत्तर बरोबर आले. १९६६ साली हा प्रयोग नव्याने करून पाहण्यात आला तेव्हा हा योगायोग उघडकीस आला. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे अशा जागी घाईने पुढे जातात. आम्हांला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. नशीबही प्रयोगशाळेत काम करीत असते, आणि तेही बहुधा योग्य प्रश्न विचारणाऱ्याच्याच.

त्या पापुद्र्यात फॉस्फोलिपिडांचे जेवढे रेणू होते, जवळजवळ तेवढेच कोलेस्टेरॉलचे होते. एकास एक म्हटले तरी फारशी चूक होणार नाही. मग ते तेथे काय करीत होते?

याचे पहिले चिन्ह त्याच १९२५ साली दिसले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक लीद्झ याची स्निग्ध पदार्थांवरील व्याख्याने ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्याने लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचे मिश्रण पाण्यावर पसरले होते. बेरजेप्रमाणे जेवढी जागा व्यापली जावयास हवी तेवढी व्यापली जात नव्हती. मिश्रण आक्रसत होते. पायलीभर हरभऱ्यात पायलीभर मोहरी ओतली तर माप दोन पायल्या भरत नाही, मोहरी फटींत शिरते, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु हा दृष्टांत अर्धाच लागू पडतो. येथे मोहरी फटीत तर शिरलीच, शिवाय तिने शेजारचा हरभराही बारीक करून टाकला! लेसिथिनच्या शेपट्या एरवी सैरावैरा हालतात आणि हातपाय पसरून बसणाऱ्या उतारूप्रमाणे जागा अडवितात. कोलेस्टेरॉल शेजारी आले की त्या अंग चोरून ताठ उभ्या राहतात. पण हे कसे घडते ते लीद्झला सांगता येणे शक्य नव्हते, कारण कोलेस्टेरॉलचा आकारच तेव्हा कोणास ठाऊक नव्हता.

तो ठाऊक आहे असे मात्र सर्वांना वाटत होते. रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४६ आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे हे प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ राइनिट्झर याने १८८८ साली ठरविलेच होते. (त्याच वेळी कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू आहेत, एक १४५.५ अंशांवर आणि दुसरा १७८.५ अंशांवर, असे त्याला आढळले. दोहोंमध्ये ते गढूळ द्रव असते. त्यातूनच द्रवस्फटिकांचे शास्त्र निघाले, जे आज आपल्या घड्याळांत व पडद्यांवर आहे. तो विषय निराळा.) हे अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत ते शोधण्यात व्हीलांट आणि विंडाउस या जर्मन रसायनज्ञांनी आयुष्य वेचले, आणि १९२७ व १९२८ या वर्षांची नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली. त्यांनी काढलेले चित्र चुकीचे होते. १९३२ साली केंब्रिज येथे बर्नाल याने एर्गोस्टेरॉल व त्याच्या भाऊबंदांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले. त्यांच्या रेणूसाठी स्फटिकात जी जागा सापडली ती लांबीला दोन नॅनोमीटरच्या आतबाहेर आणि जाडीला अवघी अर्धा नॅनोमीटर: एक लांबट, चपटी पट्टी. व्हीलांट-विंडाउस यांचा गुबगुबीत रेणू तीत मावणे अशक्य. त्याच वर्षी रोझेनहाइम आणि किंग यांनी चार कड्यांचे नवे चित्र मांडले, व्हीलांटनेही आपली चूक सुधारली, आणि पारितोषिकप्राप्त उत्तर एका वर्षात रद्द झाले. १९४५ साली डोरोथी क्रोफुट (पुढे हॉजकिन) आणि कार्लाइल यांनी कोलेस्टेरॉलच्या आयोडाइडची संपूर्ण रचना क्ष-किरणांनी काढून शंकेला जागा ठेवली नाही.

आता तो रेणू डोळ्यांपुढे आणावा. चार कडी एकमेकांना घट्ट सांधलेली, वाकणार नाहीत अशी. एका टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची लहानशी जोडी, एवढेच काय ते त्याचे पाण्याकडे ओढ घेणारे डोके. दुसऱ्या टोकाला आठ कार्बनांची लवचिक शेपटी. पट्टीची एक बाजू गुळगुळीत आहे, दुसरीवर मिथिल गटांचे दोन उंचवटे आहेत. गुळगुळीत बाजूला शेजारची शेपटी सरळ टेकते. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या मुलासारखी ती वाकेनाशी होते. लीद्झचे आक्रसणे ते हेच.

पापुद्र्याच्या सर्वसाधारण रचनेबद्दल यानंतर बरेच वाद झाले. १९३५ चे डॅव्हसन-डॅनिएली यांचे प्रथिनांच्या लेपाचे चित्र, आणि ते मागे सारणारे १९७२ चे सिंगर-निकलसन यांचे वाहत्या कुट्टिमाचे चित्र, हे त्यांतील दोन टप्पे. ते येथे नुसते नोंदवून पुढे जातो. आमच्या रेणूची जागा निश्चित झाली ती उष्णतेच्या मोजमापाने.

साजूक तूप थंडीत थिजते, करडईचे तेल थिजत नाही, हे घरातले ज्ञान येथे पुरेसे आहे. तुपाच्या शेपट्या बहुतांशी सरळ, म्हणून त्या एकमेकींना लागून घट्ट बसतात. करडईच्या शेपट्या कोपरात वाकलेल्या, म्हणून त्यांची जुडी बांधली जात नाही. पापुद्र्याचेही तसेच. दोन्ही शेपट्या पामिटिक आम्लाच्या असलेले लेसिथिन पाण्यात ठेवले तर सुमारे ४१ अंशांवर ते एकदम वितळते आणि त्या वेळी ठरावीक उष्णता शोषून घेते. १९६८ साली इंग्लंडमध्ये लॅडब्रुक, विल्यम्स आणि चॅपमन यांनी त्यात कोलेस्टेरॉल थोडेथोडे वाढवीत नेले. वितळण्याची ती खूण दर वेळी पुसट होत गेली आणि अर्ध्यास अर्धे प्रमाण झाल्यावर नाहीशीच झाली. पापुद्रा थिजलेलाही नाही आणि वितळलेलाही नाही! थंडीत कोलेस्टेरॉल शेपट्यांची जुडी बांधू देत नाही, उष्म्यात त्यांना सैल सुटू देत नाही. १९७६ साली वूस्टर आणि फ्रँक्स यांनी कोलेस्टेरॉलमधील काही हायड्रोजनांच्या जागी जड हायड्रोजन घालून न्यूट्रॉनांच्या साहाय्याने त्याची उंची मोजली. त्याचे इवले डोके लेसिथिनच्या मोठ्या डोक्यांच्या ओळीत नसून किंचित खाली, शेपट्या जेथे डोक्याला जोडलेल्या असतात त्या जागी असते. कडी शेपट्यांच्या वरच्या भागाला लागून. स्वतःची शेपटी पापुद्र्याच्या मध्याकडे. लीद्झनंतर एक्कावन्न वर्षांनी पत्ता लागला.

या विलक्षण अवस्थेला १९८७ साली इप्सेन, मॉरिट्सेन आदींनी जे नाव दिले त्याचे मराठी आम्ही ‘सुव्यवस्थित द्रव’ असे करू. वारीच्या दिंडीत माणसे खांद्याला खांदा लावून ताठ चालतात, तरी एखादा दुसऱ्याला ओलांडून पुढे जाऊ शकतो. तसे हे रेणू ताठही आहेत आणि फिरतेही आहेत. पेशीला असाच पापुद्रा हवा असतो: पाणी व क्षार सहजी न झिरपणारा, तरी आतली प्रथिने हलू देणारा.

हे काम कोणत्याही स्टेरॉलने भागत नाही. हॉलंडमध्ये डेमेल, ब्रुकडॉर्फर आणि फान डेनेन यांनी १९७२ साली निरनिराळी स्टेरॉले पाण्यावरच्या थरात घालून पाहिली. डोक्याच्या जोडीची दिशा उलटी केली की आक्रसणे जवळजवळ थांबे. कडी वाकडी सांधलेली असली तरी तेच. कोलेस्टेरॉल शरीरात कसे तयार होते याचा मार्ग शोधून १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कोनराड ब्लॉख यांनी यावरून एक सुंदर तर्क केला. पेशी प्रथम लॅनोस्टेरॉल हा खडबडीत रेणू बनविते आणि मग अनेक पायऱ्यांनी त्यावरील तीन मिथिल गट एकेक करून काढून टाकते. इतका खटाटोप कशासाठी? ब्लॉख म्हणत की शेजारी नीट टेकता यावा म्हणून. सुतार फळीवर रंधा मारतो तसा हा जीवसृष्टीने कोट्यवधी वर्षे मारलेला रंधा आहे. तर्क सिद्ध करणे कठीण, पण आम्हांला तो पटतो.

एक रेणू कसा उभा असतो हे कळले. अनेक असले म्हणजे ते आपसांत कसे मांडले जातात? येथे पंडितांची तीन मते झाली. चाँग यांनी १९९४ साली असा पुरावा मांडला की स्टेरॉले एकमेकांपासून शक्य तेवढी दूर राहून नियमित अंतरांवर बसतात, जणू ठिपक्यांची रांगोळी. मॅकॉनेल यांनी कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड यांची ठरावीक प्रमाणात बांधलेली गाठोडी कल्पिली. आणि कॉर्नेल विद्यापीठात ह्वांग व फायगेन्सन यांनी १९९९ साली छत्रीचा दृष्टांत दिला. कोलेस्टेरॉलचे डोके इतके लहान की त्याने अंग झाकत नाही; पाण्यापासून बचाव करावयाचा तर शेजारच्या फॉस्फोलिपिडाच्या मोठ्या डोक्याखाली शिरले पाहिजे. छत्री मोठी तेवढी माणसे जास्त. मोजमापही तसेच निघाले: मोठ्या डोक्याच्या लेसिथिनच्या पापुद्र्यात शंभर रेणूंमागे ६६ पर्यंत कोलेस्टेरॉल मावते, लहान डोक्याच्या इथेनॉलअमाइन जातीत ५१ पर्यंतच. आम्ही अधिकारी नव्हे, तरी आमचे मत छत्रीकडे झुकते, कारण ते कमीत कमी गृहीतांवर जास्तीत जास्त सांगते. आणि छत्र्या संपल्यावर काय होते? उरलेले कोलेस्टेरॉल बाहेर पडून त्याचे स्फटिक बनतात. शेव्रलच्या हाती आलेला खडा तो हाच: पित्तातही कोलेस्टेरॉलला धरून ठेवणारी छत्री फॉस्फोलिपिडे आणि पित्तक्षार यांचीच असते, ती अपुरी पडली की खडा धरतो.

नियमाला अपवादही आहे. शेपट्यांत वाक फार असले, तर भिंतीसारख्या ताठ रेणूला टेकावयास कोणी राजी होत नाही. चार-चार वाकांच्या शेपट्या असलेल्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉलचे डोके चक्क मध्यभागी, दोन थरांच्या मधल्या फटीत असते, असे हॅरून, कात्सारस, वासल आदींना २००६ साली न्यूट्रॉनांनीच दिसले. खऱ्या पेशीत तर शेजारी शंभर तऱ्हेचे. बाहेरच्या पापुद्र्यात स्निग्ध रेणूंपैकी शेकडा तीस ते चाळीस कोलेस्टेरॉल असते, आणि ते जेथे तयार होते त्या आतल्या जाळ्यात शेकडा पाचाच्या आसपास. डॅलस येथील ब्राउन व गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखविले की हे पाच हेच पेशीचे माप आहे. त्याखाली गेले की कोलेस्टेरॉल बनविण्याची यंत्रे सुरू होतात, वर गेले की थांबतात. बाहेरच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉलचे ‘तराफे’ तरंगत असतात ही सायमन्स व इकोनेन यांची १९९७ ची कल्पना फार गाजली, आणि तिच्या नावावर नको तेही खपले. १९९८ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात रजत वर्मा व सत्यजित मेयर यांनी काही प्रथिनांचे असे जमाव मोजले. ते ७० नॅनोमीटरांहूनही लहान भरले आणि कोलेस्टेरॉल काढून घेताच विस्कटले. तराफा म्हणावे तर फारच लहान.

इतका वेळ आम्ही दोन-चार अणूंच्या फरकाबद्दल बोललो. तो फरक केवढा असू शकतो हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले. करोनातून उठलेल्या रोग्यांना, विशेषतः मधुमेह्यांना, नाकाडोळ्यांत काळी बुरशी धरू लागली. देशात गुजरात व महाराष्ट्र येथे रोगी सर्वांत अधिक. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा रोग नोंदणीयोग्य ठरविण्यास सांगितले. औषध एकच प्रमुख, ॲम्फोटेरिसिन-बी, आणि त्याच्या कुप्या मिळेनात. आपल्यांपैकी कित्येकांनी त्या दिवसांत एका गावाहून दुसऱ्या गावी दूरध्वनी केले असतील.

हे औषध १९५० नंतरच्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका जंतूपासून निघाले. बुरशीच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल नसून एर्गोस्टेरॉल असते, तेच जे तान्रे याने १८८९ साली राय धान्यावरच्या अर्गट बुरशीतून काढले होते. दोहोंतला भेद एवढाच: एर्गोस्टेरॉलच्या कड्यांत एक दुहेरी बंध अधिक, शेपटीत एक दुहेरी बंध व एक मिथिल अधिक. औषध तेवढ्यावरून ओळखते. ते पापुद्र्याला भोके पाडते असे पुष्कळ वर्षे शिकविले जाई. २०१४ साली इलिनॉय विद्यापीठात बर्क आणि सहकाऱ्यांनी दाखविले की ते बहुतांशी पापुद्र्याबाहेर गोळा होऊन स्पंजाप्रमाणे एर्गोस्टेरॉल शोषून घेते. विटा न फोडता भिंतीतला चुनाच काढून न्यावा तसे. पण ओळख पुरती पक्की नाही. ते माणसाच्या कोलेस्टेरॉललाही थोडेफार धरते, आणि मूत्रपिंडे दुखावतात. कित्येक रोगी बुरशीतून वाचून या दुखण्यात सापडत.

यावर जो उपाय निघाला तो बँगहॅम याने १९६० नंतरच्या दशकात केंब्रिजजवळ पाण्यात लेसिथिन ढवळून पाहिलेल्या सूक्ष्म दुपदरी फुग्यांचा. औषध अशा फुग्याच्या पापुद्र्यातच बसवून शिरेतून देतात. त्यामुळे मूत्रपिंडांवरचा मारा पुष्कळ कमी होतो. २०२१ साली ज्याच्यासाठी सर्वांत जास्त धावाधाव झाली ते हेच फुग्यांतले ॲम्फोटेरिसिन. तो फुगा वाटेत फुटू नये, औषध आधीच गळू नये, म्हणून त्याच्या भिंतीत सोयाबीनच्या लेसिथिनबरोबर आणखी एक द्रव्य मिसळलेले असते, आणि ते म्हणजे कोलेस्टेरॉल.